पेठेतला जुना वाडा, नवी इमारत : बांधकाम नियमांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव, रविवार, सोमवार अशा जुन्या पेठांमध्ये वाडा किंवा जुनी इमारत पाडून पार्किंगवर चार-सहा मजले बांधायचे असतील, तर मालक, भाडेकरू आणि सोसायट्यांचे सभासद जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची ही उत्तरं. राज्यातल्या इतर महापालिकांच्या गावठाण भागालाही यातलं बरंचसं लागू पडतं. मुंबईला मात्र नाही, तिची नियमावली वेगळी आहे.

पेठेला नेमकी कोणती नियमावली लागते?

एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे बोलीभाषेतली यूडीसीपीआर. राज्य सरकारने ती डिसेंबर २०२० मध्ये लागू केली. तिच्यात 'दाट वस्तीचा भाग' आणि 'दाट वस्तीबाहेरचा भाग' असे दोन वर्ग आहेत आणि दोघांचे एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण), सामासिक अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) यांचे तक्ते वेगळे आहेत. जुन्या पेठांचा मोठा भाग दाट वस्तीत मोडतो. पण पेठेचं नाव पत्त्यात आहे म्हणून मिळकत दाट वस्तीतच असेल असं गृहीत धरू नका. ही हद्द विकास आराखड्याच्या नकाशावर आखलेली असते. जुन्या हद्दीचा आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. महापालिकेतून झोनिंग दाखला काढला की त्यात तुमच्या सिटी सर्व्हे नंबरचा विभाग, आरक्षण असेल तर ते, आणि समोरच्या रस्त्याची आखणी कळते. बिल्डरशी पहिली बैठक हा दाखला हातात आल्यावरच घ्यावी.

माझ्या प्लॉटवर किती एफएसआय मिळेल?

प्लॉट केवढा आहे याआधी समोरचा रस्ता केवढा आहे हे बघा. दाट वस्तीत एफएसआय रस्त्याच्या रुंदीवर ठरतो.

रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर मूळ एफएसआय १.५०. प्रीमियम, म्हणजे महापालिकेला अधिमूल्य, भरून किंवा टीडीआर (रस्ता-आरक्षणात दिलेल्या जागेच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) आणून तो वाढवता येत नाही, तिथेच थांबतो. रस्ता ९ मीटर किंवा जास्त, पण १८ मीटरपेक्षा कमी असेल तर मूळ २.००, प्रीमियमचा ०.३०, टीडीआरचा ०.३०, एकूण २.६०. १८ ते ३० मीटरच्या रस्त्यावर टीडीआर ०.५० होतो आणि एकूण २.८०. ३० मीटर आणि पुढे ३.००, पण पेठेत असे रस्ते किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे.

याच्यावर 'अ‍ॅन्सिलरी' एफएसआय मिळतो : निवासी वापराला प्रस्तावित एफएसआयच्या ६० टक्क्यांपर्यंत, अनिवासीला ८० टक्क्यांपर्यंत, अधिमूल्य भरून. पूर्वी जिना, लिफ्ट, पॅसेज, बाल्कनी यातल्या बऱ्याच गोष्टी मोजणीतून वगळल्या जायच्या. आता त्या सगळ्या 'पी-लाइन'च्या आत, म्हणजे मजल्याच्या बाहेरच्या कडेच्या आत धरल्या जातात. त्याची भरपाई म्हणून हा जादा एफएसआय आहे. बिल्डर '१.५ वर ६० टक्के फुकट मिळतात' असं सांगतो तेव्हा दोन्ही अर्थांनी चूक असते. ते फुकट नाहीत आणि त्यातला मोठा भाग जिन्या-लिफ्टमध्येच जातो.

आकड्यांत सांगा ना.

२५० चौरस मीटरचा प्लॉट, समोर ७ मीटरची गल्ली. २५० गुणिले १.५० म्हणजे ३७५. त्याचे ६० टक्के २२५. एकूण ६०० चौरस मीटर पी-लाइन क्षेत्र. एका मजल्याचा ठसा, म्हणजे इमारतीने जमिनीवर व्यापलेली जागा, १२० चौरस मीटर धरला तर खाली पार्किंग आणि वर पाच मजले, उंची साधारण १८ मीटर.

आता त्यातला एक मजला उघडून बघू. दोन फेऱ्यांचा जिना, साधारण २.४ बाय ५ मीटर, म्हणजे १२ चौरस मीटर. लिफ्टचा खड्डा भिंतींसकट साडेतीन-चार. लिफ्टसमोरची जागा आणि पॅसेज सहा. १२० पैकी २२ चौरस मीटर इथेच गेले. राहिलेल्या ९८ मधून भिंती वजा करा. म्हणजे ६०० चौरस मीटर कागदावर असले, तरी वाटायला चटई क्षेत्र जेमतेम ४०० च्या आसपास उरतं. वाड्यात आठ भाडेकरू असतील आणि प्रत्येकाला २५ चौरस मीटर द्यायचे असतील, तर २०० तिथेच संपले. उरलेल्या २०० मध्ये मालक, त्याचे भाऊ, बांधकामाचा खर्च आणि बिल्डरचा नफा. पेठेतले कितीतरी वाडे टेकू लावून वर्षानुवर्षं उभे आहेत, त्याचं एक मोठं कारण हे गणित आहे. मालक-भाडेकरूंचं भांडण त्याच्या मागाहून येतं.

तोच प्लॉट ९ मीटरच्या आखणीच्या रस्त्यावर असता तर? समजा दर्शनी बाजू १० मीटर आणि रस्तारुंदीत १ मीटरची पट्टी जाते. उरले २४०. गुणिले २.०० म्हणजे ४८०, अधिक २८८, एकूण ७६८. जमीन कमी होऊनही १६८ चौरस मीटर वाढले, आणि त्यात प्रीमियम, टीडीआर धरलेलाच नाही.

रस्त्याची रुंदी कोण आणि कुठून कुठे मोजतो?

डांबर किती रुंद आहे याला अर्थ नाही. आखणी असेल तर आखणीची रुंदी, नसेल तर समोरासमोरच्या मिळकतींच्या हद्दींमधलं अंतर. पेठेत हद्दीच्या बाहेर ओटे, पायऱ्या, पन्हाळीखालची फरशी आलेली असते. त्यामुळे जागेवर ७ मीटर भरणारी गल्ली सिटी सर्व्हेच्या नकाशात ८ निघते, आणि कधी उलटही होतं. टेप लावून मोजलेल्या आकड्यावर करार करू नका. आर्किटेक्टकडून सिटी सर्व्हेचा नकाशा आणि विकास आराखड्याचा नकाशा एकावर एक ठेवून घ्या.

कुमठेकर रस्ता असो की आतली गल्ली, एक नवी इमारत मागे सरकलेली आणि शेजारचा जुना वाडा दात पुढे आल्यासारखा रस्त्यात, हे चित्र तुम्ही रोज बघता. महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा ठरते आणि जी इमारत नव्याने बांधली जाते ती त्या रेषेमागे जाते. रेषा ठरून पिढ्या उलटल्या तरी रस्ता रुंद 'दिसत' नाही तो यामुळे.

मी माझ्या बाजूने जागा सोडली तर माझी गल्ली ९ मीटरची धरतील का?

नाही. एका मिळकतीपुरता रस्ता रुंद होत नसतो. गल्लीची रेषाच कलम २१० च्या प्रक्रियेने ९ मीटरची ठरायला हवी. त्यासाठी प्रस्ताव, हरकती आणि मंजुरी लागते. गल्लीतल्या बहुतेक मालकांनी एकत्र मागणी केली तरच त्याला जोर येतो, आणि ती करणं खरोखर फायद्याचं आहे. ९ मीटरपर्यंत पोचण्यासाठी द्यावी लागणारी पट्टी आणि त्याबदल्यात मिळणारा अर्धा एफएसआय यांची तुलना वर आलीच आहे.

आखणीत गेलेल्या जागेचा मोबदला टीडीआरच्या रूपात घेतला तर दाट वस्तीत तो जागेच्या तिप्पट मिळतो, बाहेर दुप्पट. वरच्या उदाहरणात १० चौरस मीटरला ३०. ताबा आणि मिळकत पत्रिकेवरची नोंद महापालिकेच्या नावे झाल्याशिवाय टीडीआर हातात येत नाही.

गल्ली जेमतेम ३ मीटरची आहे. मग?

४.५ मीटरपेक्षा अरुंद गल्लीत मध्यरेषेपासून २.२५ मीटर मागे जावं लागतं. गल्ली ३ मीटरची असेल तर मध्यापासून हद्द १.५ मीटरवर, म्हणजे तुमच्या जागेतले ०.७५ मीटर सोडायचे. या पट्टीवर सज्जा, बाल्कनी, पायरी काहीही पुढे काढू नये. नकाशा इथे बहुधा बरोबर असतो, चूक साइटवर होते. मध्यरेषा समोरच्याच्या ओट्यापासून मोजली जाते, जोतं अर्ध्या फुटाने पुढे येतं आणि जोते तपासणीत अडकतं. खोदाईपूर्वी मध्यरेषेचे बिंदू दोन पक्क्या भिंतींवर रंगाने खूण करून ठेवा आणि त्याचा फोटो फाइलला लावा.

किती मजले चालतील? उंचीची मर्यादा काय?

छोट्या प्लॉटवर मजले एफएसआय आणि ठशाने ठरतात, उंचीची मर्यादा गाठायची वेळ क्वचित येते. लक्षात ठेवायचा आकडा २४ मीटर. त्यापुढे इमारत उंच इमारतीत मोडते आणि अग्निशमनाच्या अटी एकदम जड होतात : बंब फिरेल अशी मोकळी जागा, पाण्याच्या टाक्या, आगीत थांबण्याचा आश्रय मजला. ३०० चौरस मीटरच्या प्लॉटवर ते जमत नाही. पेठेतली शहाणी इमारत २४ मीटरच्या आत राहते.

शेजारच्या भिंतीला लागून बांधता येतं का? उजेड-वाऱ्याचं काय?

वाडे एकमेकांना टेकून उभे राहिले म्हणून नवी इमारत तशीच चालेल असं नाही. सामासिक अंतरं उंची आणि वापराप्रमाणे बदलतात. नकाशा काढण्याआधी तुमच्या उंचीचा तक्ता आर्किटेक्टला लेखी काढून द्यायला सांगा, कारण दहा मीटर रुंदीच्या प्लॉटवर दोन्ही बाजूंचा एकेक मीटर गेला तर खोल्यांची सगळी मांडणी बदलते.

न्हाणीघर आणि संडासाला हवा डक्टमधून, म्हणजे हवेसाठी आणि पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या मोकळ्या जागेतून देता येते. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार १८ मीटर उंचीच्या इमारतीला डक्ट किमान ४ चौरस मीटरचा आणि कुठलीही बाजू १.५ मीटरपेक्षा कमी नको. २४ मीटरला ५.४ चौरस मीटर आणि १.८ मीटर. विक्रीचं क्षेत्र वाढवायला हा डक्ट चिमटला जातो, मग त्यात प्लंबर उतरू शकत नाही. तिसऱ्या मजल्यावरचा पाइप गळायला लागला की भिंत वर्षभर ओली राहते. नकाशावर डक्टची दोन्ही मापं स्वतः वाचा. झोपायच्या खोलीची खिडकी डक्टमध्ये उघडताना दिसली तर तो नकाशा परत पाठवा.

पार्किंग बसतच नाही. काय करायचं?

चारचाकीला २.५ बाय ५ मीटर आणि दुचाकीला १ बाय २ मीटर हे माप. किती गाड्या दाखवायच्या ते सदनिकांच्या चटई क्षेत्राच्या गटावर ठरतं. पेठेत अडचण बहुधा संख्येची नसते, खांबांची असते. दर्शनी बाजू ७ मीटर, त्यात जिन्याकडे जायची वाट दीड मीटर, दोन्ही कडांना खांब, आणि मध्ये एखादा खांब आला की आत गेलेली गाडी वळत नाही. आरसीसी सल्लागाराला नकाशा मंजुरीआधी बसवा, नंतर नाही. खोल आणि अरुंद प्लॉटवर दुचाकी जास्त आणि चारचाकी कमी अशी रचना, म्हणजे लहान सदनिका, हाच मार्ग चालतो. यांत्रिक पार्किंग दाखवलं असेल तर त्याची वार्षिक देखभाल कोण भरणार हे करारात लिहून घ्या. बंद पडलेली यंत्रं घेऊन गाड्या गल्लीत लागलेल्या कितीतरी इमारती दिसतील.

शनिवारवाड्याजवळ घर आहे. परवानगी मिळेल?

शनिवारवाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेलं स्मारक आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर कायदा असा आहे : संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, तिथे नवीन बांधकाम नाही. दुरुस्ती आणि नूतनीकरण होतं, तेही ना-हरकत घेऊन. त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र, तिथे राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या ना-हरकतीने नवीन बांधकाम होऊ शकतं. अंतर स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून मोजतात, दिल्ली दरवाज्यापासून नाही. एकाच मिळकतीचा पुढचा भाग १०० मीटरच्या आत आणि मागचा बाहेर असंही होतं, म्हणून मोजणीचा अधिकृत नकाशा लागतो.

यात अडकलेल्या कुटुंबांची परिस्थिती खरंच वाईट आहे. घर पडायला आलेलं, पाडून बांधता येत नाही आणि दुरुस्तीलाही दिल्लीकडे बघायचं. एवढं तरी करा : लाकडी तुळया, कौलं, भिंती यांच्या दुरुस्तीचा अर्ज आधी करा, काम नंतर. परवानगीशिवाय केलेलं कामही या कायद्यात गुन्हा ठरतं.

महापालिकेच्या वारसा यादीतल्या इमारतींचा विषय वेगळा आहे. तिथे श्रेणीप्रमाणे वारसा समितीची मंजुरी लागते.

नदीकाठच्या पेठांना पूररेषेची अट कशी लागते?

निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मधला भाग प्रतिबंधित. निळ्या-लाल रेषेच्या मध्ये जोतं लाल रेषेच्या पातळीच्या किमान ०.४५ मीटर वर घ्यावं लागतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर नारायण आणि शनिवार पेठेत पाणी कुठवर चढलं होतं हे ज्यांच्या घरात अजून सांगितलं जातं, त्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही. लिफ्टचा खड्डा, विजेचे मीटर आणि पाण्याचे पंप मात्र नियमापलीकडे जाऊन वरच्या पातळीला ठेवा. पाणी इमारतीत पहिलं तिथेच शिरतं.

भाडेकरूंची संमती लागते का? महापालिकेने वाडा पाडला तर त्यांचा हक्क संपतो का?

संपत नाही. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीतल्या एका पाडलेल्या इमारतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केलं : इमारत गेली तरी खालची जमीन राहते आणि भाडेहक्कही राहतो.

मालकाला पाडून बांधण्यासाठी जागा हवी असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६ खाली न्यायालयात जाता येतं. पण तिथे नकाशे, पैशांची सोय आणि भाडेकरूंना नव्या इमारतीत जागा देण्याची हमी दाखवावी लागते. प्रत्यक्षात बहुतेक प्रकल्प सामोपचाराने, लेखी करारानेच पुढे जातात. भाडेकरू असलेल्या इमारतींसाठी प्रोत्साहनपर एफएसआयची वेगळी तरतूद आहे. ती मिळवायची तर भाडेकरूंची यादी आणि प्रत्येकाच्या ताब्यातलं क्षेत्र प्रमाणित झालेलं लागतं.

म्हणून धोकादायक इमारतीची कलम २६४ ची नोटीस आली की भाडेकरूंनी घर सोडण्याआधी चार गोष्टी कराव्यात : खोलीची लांबी-रुंदी मोजून मालक आणि आर्किटेक्टच्या सहीने नकाशा, भाडेपावत्या, वीजबिल, आणि आतून-बाहेरून तारखेसह फोटो. वाडा पडल्यावर 'माझी माडी दहा बाय चौदा होती' हे सिद्ध करायला दुसरं काही उरत नाही. आणि इमारत 'सी-१' वर्गात, म्हणजे तातडीने रिकामी करण्याच्या वर्गात आली असेल, तर घर सोडा. हक्क कागदावर राहतो, जीव तिथे अडकवू नका.

आम्ही वाड्याचे सहा वारस आहोत. एकजण तयार नाही. ५१ टक्क्यांचा नियम चालेल का?

नाही. ५१ टक्के हा सहकारी गृहनिर्माण संस्थांचा विषय आहे, राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या निर्णयातला. वाडा सहमालकीचा असेल तर प्रत्येक सहमालकाची सही लागते किंवा वाटपाचा दावा. मिळकत पत्रिकेवर आजोबांचं नाव तसंच असेल तर वारसनोंद आजच सुरू करा. नकाशा मंजुरीला लागणारा वेळ त्यापुढे काहीच नाही.

सोसायटी असेल आणि इमारत ३० वर्षांहून जुनी असेल, तर वापरलेल्या अधिकृत क्षेत्राच्या ३० टक्के किंवा प्रत्येक सदनिकेमागे १५ चौरस मीटर, यातलं जे जास्त असेल तेवढा प्रोत्साहनपर एफएसआय मिळू शकतो. 'अधिकृत' हा शब्द महत्त्वाचा. गच्चीवर चढवलेली खोली यात येत नाही. जुना मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र शोधून काढा.

मग छोट्या प्लॉटवाल्यांनी करायचं तरी काय?

शेजाऱ्याशी बोला. मागचा प्लॉट ५ मीटरच्या गल्लीवर आणि पुढचा ९ मीटरच्या रस्त्यावर असेल, तर दोन्ही एकत्र केल्यावर संपूर्ण जागेला ९ मीटरचा एफएसआय मिळतो. दोन जिने, दोन लिफ्ट, दोन टाक्या यांच्या जागी एकेक येते, मधली सामासिक अंतरं जातात, पार्किंगमध्ये गाडी वळते. पेठेत यासारखा दुसरा उपाय नाही.

करारात मागच्या मालकाचा हिस्सा फक्त जमिनीच्या प्रमाणात धरू नये आणि पुढच्याने 'रस्ता माझा' म्हणून सगळी वाढ मागू नये. आधी दोघांनी स्वतंत्र बांधलं असतं तर काय मिळालं असतं ते मांडा, मग एकत्र बांधून वाढलेलं क्षेत्र कसं वाटायचं ते ठरवा. एकत्रीकरणाची नोंद सिटी सर्व्हेत होईपर्यंत वाडा पाडू नका.

खोदाईत काय निघतं आणि काय बिघडतं?

आड, विहीर, जुना हौद, भरावाची माती. कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत आणलेली नानासाहेब पेशव्यांच्या काळातली नहर पेठांखालून जाते. तिचे उच्छ्वास, म्हणजे हवा जाण्यासाठी वर काढलेली बांधकामं, काही ठिकाणी अजून दिसतात. ती लागली तर काम थांबवून महापालिकेला कळवा, काँक्रीट ओतून बुजवू नका. वरच्या बाजूचं पाणी मग शेजाऱ्यांच्या जोत्यात शिरतं. स्वारगेटकडे जाणारी मेट्रो कसबा आणि मंडईजवळ भूमिगत आहे, तिच्या मार्गालगत पाया घेताना महामेट्रोचं ना-हरकत लागतं.

सर्वांत मोठा धोका सामाईक भिंतीचा. शेजारची माती-विटांची भिंत तुमच्या वाड्याच्या आधाराने उभी असते. एकदम सगळा वाडा पाडून खड्डा केला की ती बसते. पाडण्याआधी शेजारच्या घरातल्या तडा शेजाऱ्यासमोर फोटो काढून नोंदवा. भिंतीला तिरके टेकू द्या, आणि तिच्यालगतची खोदाई तुकड्या-तुकड्याने करा : एक टप्पा खणून पाया भरला, मग पुढचा. पावसाळ्यात हे काम काढूच नये.

परवानगीचा क्रम कसा असतो?

झोनिंग दाखला, मोजणी, मालकीचे कागद, परवानाधारक आर्किटेक्टमार्फत ऑनलाइन अर्ज, लागतील ती ना-हरकत पत्रं, शुल्क आणि अधिमूल्य, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र. ते एक वर्ष चालतं, पुढे दरवर्षी मुदतवाढ घेत एकूण चार वर्षांपर्यंत. मग जोते तपासणी आणि शेवटी भोगवटा पत्र. प्लॉट ५०० चौरस मीटरहून मोठा असेल, सदनिकाही आठहून जास्त असतील आणि विक्री होणार असेल, तर महारेरा नोंदणी लागते. लहान प्रकल्प त्यातून सुटतात. तिथे भाडं, विलंबाचा दंड, बँक हमी हे सगळं तुमच्या करारातच असावं लागतं.

भोगवटा पत्राशिवाय किल्ल्या घेऊ नका. पाणी टँकरचं, कर जादा दराने आणि सज्जाच्या एका चुकीसाठी वर्षानुवर्षं अडलेली फाइल, हे सगळं मग राहणाऱ्यांच्याच गळ्यात पडतं. बिल्डर तोवर दुसऱ्या पेठेत गेलेला असतो.